तुझा माऊ, मावकू

पिरनवाडी,
ता. १५ जून २०२४

ती. जयाआक्कास,

धाकट्याचा शि. सा. न. वि. वि. रवळनाथाच्या दयेनं इकडं समदी बरी हाईत. तुझ्या कानाचं काय ते तूच कळीव. फोनवर मी बोंबलतो ते नाक्यावरच्या टपरीपतोर ऐकू जातं, तुला तेवढं जात न्हाय. म्हणून आपला कागदच बरा.

आता मुद्द्याचं. आपली सौम्या, रविराजची लेक, औंदा तिसरीत गेली. तोंडानं इचार, खानापूरच्या समद्या गाड्यांचं टायम सांगंल, दुकानात कन्नडातनं भांडून जास्तीची कोथिंबीर आणंल. पण पुस्तक उघडलं की पोरगी गप्पगार. अक्षरं जागा बदलतात म्हणती. परवा शाळंच्या हेडबाईनं रविराज आणि सूनबाई रचना, दोघांना बोलिवलं आणि सांगितलं की पोरीच्या डोक्याची तपासणी करून घ्या. वाचायची अडचण हाय असं सर्टिफिकेट मिळालं तर परीक्षेत जादा टायम आणि प्रश्न वाचून दाखवायला माणूस मिळंल. गणपतीच्या सुट्टीआधी कागद न्हाय आला तर पोरगीला परत दुसरीत बसवा, न्हायतर टी.सी. न्या.

ही तपासणी आता घरबसल्या असती म्हणे. बाई पुण्यात, पोरगी पिरनवाडीत आणि मधी लॅपटॉप. पयला एक फॉर्म आला. घरची भाषा कंची, एकाच चौकोनात खूण करा. आक्का, आपल्या घरात मराठी, दुकानात कन्नड, टीव्हीवर हिंदी, शाळंत इंग्रजी, आणि कोंबड्यांना शिव्या घालताना चारी. रविराजनं मराठीवर खूण केली म्हणून पुण्याची बाई मिळाली. फुडं इचारलं होतं, घराण्यात कुणाला लिहिण्या-वाचण्याची अडचण होती काय. मी ठणकावून सांगितलं, लिव, कुणालाबी न्हाय! माझी आक्का मास्तरीण, मी सोता चार यत्ता शिकून पत्रं लिवणारा माणूस.

तपासणी दोन तारखेला हाय. रचना आत्तापासनं घाबरलीया. आज सकाळी सा वाजताच मांडी घासून ठेवली आणि पोरीला पाढे म्हणायला बसवलं. शेजारचा परशराम मोबाइल दुरुस्त करतो, तो वायर-बियर बघणार हाय. तू काय सांगायचं असंल ते लवकर सांग.

आशीर्वाद हाईतच, ते पोस्टानं बी येऊ देत.

तुझा माऊ,
मावकू


निपाणी,
ता. २२ जून

चि. भावकूस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं, तपासून सोबत परत पाठवते आहे. एकवीस चुका. मागच्या खेपेला तेवीस होत्या, म्हणजे प्रगती आहे म्हणायची.

सूनबाईनं सकाळी सहा वाजता ‘मांडी घासून ठेवली’ हे वाचून मी एकटीच इतकी हसले, की शेजारीण काय झालं म्हणून बघायला आली. भांडी रं, भांडी! आणि शेवटी ‘तुझा माऊ’. त्रेसष्ट वर्षांचा घोडा झालास आणि अजून मांजर म्हणून सही करतोस. बरं, स्वतःचं नाव तरी? भ चं डोकं उघडं, म चं डोकं झाकलेलं, हे मी परकर नेसत होते तेव्हापासून तुला सांगते आहे.

आता नीट ऐक. ही पास व्हायची परीक्षा नव्हे. ताप मोजताना आपण थर्मामीटरला फुंकर घालतो काय? पोरगीला पाढे नकोत, नवा फ्रॉक नको, आणि खिडकीतून उत्तरं सांगणं तर अजिबात नको. तू सांगणार, मला माहीत आहे. चौतीस वर्षं पहिली-दुसरीची पोरं शिकवली मी. सौम्याच्या मनानं काय येतं ते येऊ दे.

माझं कानातलं नवं यंत्र शिट्टी मारतं. मला ऐकू येत नाही, शेजारच्यांना येतं. गल्लीतली कुत्री मात्र माझ्याशी फार आदरानं वागायला लागली आहेत. हल्ली मी माणसांचे ओठच बघते, बरंच कळतं.

रचनाला सांग, जेवत जा. आठवण काढत जा, मी इथं काढतेच.

तुझी आक्का,
जया


पिरनवाडी,
ता. ६ जुलै

ती. जयाआक्कास,

धाकट्याचा दंडवत. तपासणी झाली एकदाची! लगीन उरकल्यागत घर पसरून पडलंय.

खोलीत पोरगी सोडून कुणी नको, असा हुकूम आलता. म्हणून आमी समदी व्हरांड्यात. मी, रविराज, रचना, परशराम, आणि खिडकीतनं काय चाललंय बघायला आलेली सात-आठ माणसं. मी एकबी उत्तर सांगितलं न्हाय, रवळनाथाशपथ. खोकलो तेवढा.

पुण्याच्या बाईचं नाव निवेदिता. तरणी हाय, गोड बोलती. चित्रं दाखवून हे काय, ते काय इचारत होती. बुट्टीचं चित्र दाखवलं, सौम्या म्हणाली बुट्टी. बाईनं परत दाखवलं. पोरगी परत म्हणाली बुट्टी, आणि जरा मोठ्यांदा, कारण तिला वाटलं बाईचे कान तुझ्यावर गेलेत. बाईनं कायतरी लिवून घेतलं. भग इचारलं, लई पाऊस आला तर काय होतं. सौम्या म्हणाली करंट जातो. तेवढ्यात खरंच करंट गेला! आता ह्याला मार्क द्याचं का न्हाय, तूच सांग.

खरी गंमत फुडंच. बाई इचारायची, मासा झाडावर राहतो का? आमची पोरगी मान वर झटकून ‘च्‌’ करायची. आपल्यात न्हाय म्हणायला सगळी तसंच करतात. बाई परत इचारायची. पोरगी परत ‘च्‌’. दगड पाण्यावर तरंगतो का? ‘च्‌’. दहा-बारा सवाल असंच. बाई म्हणायची, बाळा, घाबरू नकोस, बोल. पोरगी रडकुंडीला आली, की बोलतीया तर ही ऐकत का न्हाय. परशरामनं मागनं उलगडा केला. लॅपटॉप आजूबाजूचे आवाज पुसून टाकतो म्हणे, त्याला वाटलं भिंतीवर पाल चुकचुकली. आणि पडद्यावर पोरीचं कपाळ तेवढं दिसत हुतं, त्यामुळं मान झटकलेली बी बाईला नीट दिसली न्हाय.

रिपोर्ट तीन आठवड्यात येणार. पोरगी हुशार हाय, न्हाय आक्का? मला तर वाटतंय पैल्या नंबरात येईल.

पत्र तपासून पाठीव. कान जप.

तुझा माऊ,
मावकू


निपाणी,
ता. १२ जुलै

चि. भावकूस,

आशीर्वाद. एकोणीस चुका. ‘भग’ नव्हे, मग.

पैला नंबर नसतो रं ह्यात, कितीदा सांगू! पण तुझ्या पत्रातल्या दोन गोष्टींनी मला हसता हसता काळजीत टाकलं. आपण बुट्टी म्हणतो तिला पुण्याकडे टोपली म्हणतात. आणि शाळा चुकवली तर ‘बुट्टी मारली’ म्हणतात. त्या बाईंनी भलताच अर्थ घेतला नाही म्हणजे मिळवली. दुसरं ते ‘च्‌’. ‘न्हाय’ हा शब्द जर बाईंच्या यंत्रापर्यंत पोचलाच नसेल, तर त्यांनी काय लिहिलं असेल देव जाणे.

सौम्याच्या वहीचं एखादं पान मला पाठव. तिच्या हातचं, रचनानं न सुधारलेलं.

बाकी सगळं ठीक. तू पायाला तेल लावतोस ना?

तुझी आक्का,
जया


पिरनवाडी,
ता. २७ जुलै

ती. जयाआक्कास,

नमस्कार. आज चेष्टा न्हाय.

रिपोर्ट आला. चौदा पानं, समदी इंग्रजीत. आपल्या सौम्याला वाचायला त्रास होतो का न्हाय ते बघायला सांगितलं हुतं, आणि रिपोर्ट वाचताना तिच्या बापालाच घाम फुटला. त्यात लिवलंय, टोपली दाखवली असता मुलगी वारंवार शाळा चुकवण्याविषयी बोलते, शाळेबद्दल तिटकारा दिसतो. ज्याचं उत्तर ‘नाही’ अशा प्रश्नांना एकदाही प्रतिसाद न्हाय. पाऊस आणि वीज ह्यांचा संबंध चुकीचा लावते. नवव्या पानापासनं तर सौम्याचा आदर्श नावाचा पोरगा झालाय! आदर्शला क्रिकेट आवडतं, आदर्श बहिणीला मारतो, आदर्शला चष्म्याची गरज हाय. आमच्यात आदर्श न्हाय, चष्मा न्हाय, आणि तिला मारायला भण बी न्हाय. आणि शेवटी निकाल काय? वाचायची अडचण असं सांगता येत न्हाय, एकूणच समज कमी, येगळ्या शाळंत घाला.

हेडबाईनं शेवटची दोन वळी वाचल्या आणि कागद बाजूला सारला. आता जादा टायम न्हाय, माणूस न्हाय, टी.सी.चा फॉर्मच हातात दिला. रविराजनं पुण्याला फोन लावला. मराठीसाठी एक दाबा. एक दाबलं. एक बाई इंग्रजीत म्हणाली, तुमचा फोन आमाला महत्त्वाचा हाय. मग पावणा तास सनई वाजवली. शेवटी कळलं की फेरतपासणी एकदाच मिळती, तीबी नवा काय पुरावा असंल तर.

रचना दोन दिस नीट जेवली न्हाय. आणि काल सौम्यानं मला इचारलं, आज्जा, मी ढ हाय काय. आक्का, मी उठून परसात गेलो. हा सवाल मी ओळखतो. मी बी असाच आबाला इचारला हुता, बैल सोडताना. आबानं नुसता कासरा माझ्या हातात दिला.

वहीचं पान सोबत धाडलंय. तुला काय सुचत असंल तर सांग. मला तर कायबी सुचत न्हाय.

तुझा माऊ,
मावकू


निपाणी,
ता. २ ऑगस्ट

प्रिय भावकू,

तुझं पत्र परत पाठवत नाही. ह्या खेपेला एकही खूण केली नाही.

सौम्याचं पान समोर ठेवून बसले आहे. वर तिनं आपलं नाव लिहिलंय: ‘सौभ्या’. खाली, ‘भाझी आई मात करते’. मी सवयीनं तांबडं पेन उचललं, आणि हात तिथंच थांबला. मग माळ्यावरून ट्रंक काढवली. माझं लग्न होऊन मी निपाणीला आले तेव्हापासूनची तुझी सगळी पत्रं त्यात आहेत. शेहेचाळीस वर्षं. तपासून परत पाठवायची रीत नंतरची. आधीची तर माझ्याकडेच, आणि नंतरचीही तू दुरुस्त करून पुन्हा पाठवायचास ती. सतरा वर्षांचा असताना लिहिलेलं पहिलं पत्र काढलं. सही, ‘मावकू’. भांडी, मांडी. माझी, भाझी. तेच गं बाई, अगदी तेच! आजोबा आणि नात एकाच जागी अडखळतात.

फॉर्ममध्ये तू ठणकावून लिहायला लावलंस, घराण्यात कुणालाही अडचण नाही. तू कसं सांगशील? तुला कुणी कधी सांगितलंच नाही. सांगायला हवं होतं ते मी. चौतीस वर्षं दुसऱ्यांची पोरं शिकवली, आणि सख्ख्या भावाची चूक मोजत बसले. एकवीस, एकोणीस, तेवीस.

आणखी एक आहे. ते आज लिहिलं नाही तर मरताना घशाशी येईल. तू चौथीत दुसऱ्यांदा बसलास, तेव्हा आबांनी मला विचारलं होतं. मी मॅट्रिकला होते, घरात शिकलेली तेवढीच. ह्याला शिक्षण जमेल काय असं आबांनी विचारलं, आणि मी म्हणाले, नाही. एवढंच. दुसऱ्या दिवशी तू बैलांमागं गेलास. तू मला कधी विचारलं नाहीस, मीही कधी बोलले नाही. उलट पत्रांवर तांबड्या रेघा ओढत राहिले. मला क्षमा कर, भावकू. ते पेन मी कचऱ्यात टाकलं.

पण रडत बसायची ही वेळ नव्हे. सोमवारी सकाळच्या गाडीनं मी येते आहे. ट्रंक बरोबर आणते, नाक्यावर रविराजला पाठव. रविराजला म्हणावं, फेरतपासणी माग. पुरावा काय म्हणून विचारलं तर सांग, शेहेचाळीस वर्षांचा आहे. मी स्वतः सौम्याजवळ बसणार. कुणी बाहेर काढतंय का बघते! त्या बाईंना ‘च्‌’ ऐकू येत नसेल तर न येवो. मलाही येत नाही. मला दिसतं.

सौम्याला सांग, आज्जी येते आहे, आणि ती ढ नाही. तिचा आज्जाही नव्हता.

आशीर्वाद द्यायचा हक्क आज मला वाटत नाही, तरी देते.

तुझी आक्का,
जया


पिरनवाडी,
ता. ३० ऑगस्ट

ती. जयाआक्कास,

धाकट्याचा शि. सा. न. पोचलीस न्हवं बरोबर? ट्रंक मोकळी घेऊन गेलीस म्हणून कंडक्टर इचारत हुता की आज्जी माहेराहून रिकामी कशी चालली. मी म्हटलं, भरून आणली हुती, वाटून टाकली.

तू तपासणीला समोरच बसली हुतीस खरं, पर निवेदिता बाई काय बोलली ते तुला ऐकू आलं न्हाय आणि लॅपटॉपमधी ओठ बी धड दिसत न्हवते. म्हणून समदं लिवतो. पयल्यांदा ती म्हणाली, नियमानं आत दुसरं कुणी बसायचं न्हाय. तू आपली ढिम्म. ऐकू येत न्हाय ह्याचा फायदा असा घ्यावा! रविराज म्हणाला, बाई, आमच्या आत्याला ऐकू येत न्हाय, तुमीच सांगून बघा. मग तिनंच सोडून दिलं. फुडं सौम्यानं ‘च्‌’ केलं की तू पाटी वर करायचीस, त्यावर खडूनं लिवलेलं ‘न्हाय’. चार सवालापतोर बाई हसत हुती. मग एकदम थांबली, आणि म्हणाली की मागच्या येळला हिनं समद्याची बरोबर उत्तरं दिली हुती काय. रविराज म्हणाला, व्हय. बुट्टीचं बी सांगितलं. बाईनं कपाळाला हात लावला.

तू ती पत्रं एकेक करून कॅमेऱ्याफुडं धरत हुतीस तवा बाई पडद्याजवळ तोंड आणून बघत हुती. पंधरा-वीस झाल्यावर तिनं इचारलं, हे लिहिणारे आजोबा हयात हाईत का. मी व्हरांड्यातनं खिडकीत तोंड घातलं आणि म्हटलं, हाय की! मग तिनं मला आत बोलावून सांगितलं की ही अडचण घराण्यातनं येती, डोकं कमी असण्याशी तिचा काय संबंध न्हाय. आणि अशी अडचण असताना एवढी पत्रं लिवणारा माणूस तिनं अजून बघितला न्हवता. आक्का, त्रेसष्टाव्या वर्षी मला पैला नंबर मिळाला बघ. तवा तू इचारलंस मी का रडतोय, आणि मी म्हटलं डोळ्यात कायतरी गेलं. ते खोटं हुतं.

सर्टिफिकेट परवा आलं. वाचायची अडचण हाय, समज चांगली हाय, जादा टायम द्या, वाचून दाखवायला माणूस द्या. एकच पान, आदर्श कुठंबी न्हाय. पर नाव काय छापलंय? सौभ्या! पोरीच्या सहीवरनं उतरून घेतलं असणार. रविराजचा जीव घाबरा झाला, की आता हेडबाई परत पाठवणार. पर हेडबाईनं खालचा शिक्का तेवढा बघितला आणि मंजूर केलं. तिनंबी वाचलं न्हाय! दुरुस्ती रविराज सावकाश करून घेईल. येत्या सोमवारपासनं पोरगीला प्रश्न वाचून दाखवायला एक टीचर बसणार. रचना आता दोन घास जास्तच जेवती.

आता तुझ्या त्या दुसऱ्या गोष्टीचं. आबाला तू न्हाय म्हणालीस ते मला तवाच ठाऊक हुतं. दाराआड मी उभा हुतो. राग आलता, लई आलता. दोन वरसं तुझ्याशी धड बोललो न्हवतो, तुला वाटलं वय हाय. पर मग तू लग्न होऊन गेलीस आणि तुझं पत्र आलं. घरात वाचणारं दुसरं कोण न्हवतं, म्हणून मी एकेक अक्षर लावत बसलो. तीन दिवस लागले. उलट धाडलं, आणि फुडं फुडं तू तांबडं करून परत पाठवाया लागलीस. मी शाळंत चार यत्ता गेलो, पर लिवायला तुझ्या पत्रांनी शिकलो. तू आबाला न्हाय म्हणालीस, आणि मला शेहेचाळीस वरसं व्हय म्हणत राहिलीस.

तवा ते पेन टाकलं असशील तर नवं घे. पुण्याच्या बाईनं आपलाच रिपोर्ट वाचला न्हवता, हेडबाईनं तर दोन्ही येळला वाचला न्हाय. तुझी तांबडी खूण शेवटच्या वळीवर दिसली की मला कळायचं, हिनं शेवटपतोर वाचलं. म्हणून खाली तीन चुका ठेवल्यात, दोन माझ्या आणि एक पोरगीच्या हातची. काढून पाठीव, वाट बघतो.

तुझा माऊ,
मावकू

सौभ्या